कुठवर

दोन वर्षं तिच्या अंगावरनं जात होतं
आणि ती ते अंगावर काढत होती.
सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालता घालता
तासातासाला उठून मोरीत जायची.
उष्णता हाय, म्हणायची.

मग पिशवी काढली.
मग पंचवीस शेक.
शेवटच्या शेकाच्या दिवशी
शाहूपुरीतनं गुळाची ढेप घेतली,
गल्लीत घरोघरी खडा वाटला,
सुटले म्हणून.

आज सीपीआरच्या जिन्यात
मी एकटीच वाचते:
यकृत. तीन ठिकाणी.
मोठी गाठ लिंबाएवढी, असं डॉक्टर म्हणाले,
आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आई खाली बाकावर.
'कुठवर आलंय?' विचारते,
गारगोटीची गाडी कुठवर आली, तसं.

यकृत तिला कसं सांगायचं?
आमच्याकडं ते फक्त रविवारी यायचं
पावशेर मटणात दोन तुकडे,
ते ती आम्हा भावंडांच्या ताटात टाकायची
आणि स्वतः नुसत्या रश्श्यात
भाकरी कुस्करायची.

'काळजाला लागलंय, आई.'

ती हसलीच.
'ते व्हय? ते तुझा बा गेला तवाच लागलं.'

मग कापडी पिशवीतनं चामड्याच्या पट्ट्या काढल्या,
एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं,
वेणी पुढं सुरू.
सोमवारी चाळीस जोड द्यायचेत.

बोटं तशीच चपळ.
नखं मात्र पिवळी.

'हळद आसंल,' म्हणाली.
मी काही विचारलं नव्हतं.