एक्केचाळीस पावलं

मस्कतच्या या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
दोन दालनं आणि मध्ये एक कॉरिडॉर.
एक्केचाळीस पावलं. मोजलीत मी,
डाव्या हातात कहव्याची सुरई, उजव्यात फिंजानांची चळत.

पूर्वेच्या दालनात एक शिष्टमंडळ, पश्चिमेच्या दालनात दुसरं.
कोणते देश ते सांगायचं नाही, सही घेतलीय आमची.
ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
मधून चालतात यारुब साहेब,
हातात घडी घातलेला एकच कागद.
जाताना जड. येताना थोडा जास्त.

गुहागरच्या शाळेत ओकबाई
दरबारी वकिलांच्या गोष्टी सांगायच्या:
थैली निघाली की महिनाभर वाटेत.
तोवर इकडचा राग निवायचा, तिकडे कोणी मरायचं,
नदीला पूर यायचा,
आणि तहाला जरा जागा व्हायची.
पत्र पावले, मजकूर कळला.

इथे एक्केचाळीस पावलं पुरी व्हायच्या आत
टेबलावरचे सगळे फोन एकदम थरथरतात.
लांब कुठेतरी कुणीतरी, पलंगावरून न उठता,
चार ओळी टाकलेल्या असतात जगापुढे
आणि यारुब साहेबांच्या हातातला कागद
सव्विसाव्या पावलावर शिळा होतो.
ते थांबतात. भिंतीवरच्या गलबताच्या चित्राकडे बघतात.
मग तरीही जातात.

इथली रीत अशी की पुरे झालं तर फिंजान हलवायचं,
नाहीतर वाढणारा ओततच राहतो.
तिसऱ्या दिवशी कुणीच हलवलं नाही.
सगळे फोनकडे बघत होते.

रात्री पावणेदोनला ड्रोन पडले. विमानतळ बंद.
दोघांनाही रागानं निघून जायचं होतं, कॅमेऱ्यांसमोर.
बॅगा लॉबीतच राहिल्या, माणसं लिफ्टनं परत वर.

तीनला पॅन्ट्रीत पूर्वेकडचा एक पोरगा आला,
टाय खिशात, फोन चार टक्क्यांवर.
चार्जर?
माझा बसेना. शिजूचाही नाही.

मी पश्चिमेचं दार वाजवलं,
बावीस वर्षांत पहिल्यांदाच, हातात ट्रे नसताना.
लाल डोळ्यांच्या एका बाईनं उघडलं.
"कोणासाठी?"
कितीतरी उत्तरं असतील यावर, मुत्सद्द्यांकडे.
मी म्हटलं, "एकाला आईशी बोलायचंय."
ती बघत राहिली. आत गेली.
वायर गुंडाळून, वर रबरबँड लावून आणून दिली,
वस्तू परत यायची असते तेव्हा देतात तशी.

सकाळी निवेदन निघालं: चर्चा विधायक.
पुढची तारीख नाही.
चार्जर पॅन्ट्रीतच राहिला, रबरबँडसकट.
सापडलेल्या वस्तूंच्या वहीत
'मालक' असा एक रकाना आहे.
तिथे पेन टेकवून मी बसलो होतो, तेव्हा
यारुब साहेब आत आले, "पेवेकर, कहवा आहे?"
स्टुलावर बसूनच प्यायले.
फिंजान हलवायचं विसरले तेही.
तीन झाले, चार झाले.
मी ओतत राहिलो.