ऑफ-साइट

भोसरीत, गाळा नंबर एकोणीस.
फोर्जिंगचा हातोडा पडला की
सर्व्हरच्या कपाटाची काच दचकते.
एसी बंद. आतली गरम हवा आतच फिरवतो
एक टेबलफॅन,
हिशेबात तो कँटीनच्या नावावर.

फायरवॉलचं लायसन एकतीस मार्चला संपतंय.
ढमढेरे साहेब कोटेशन लांब धरून विचारतात,
"गेल्या वर्षी काही झालं का?"
नाही झालं.
"मग?"
ह्या 'मग'वर माझी चौदा वर्षांची नोकरी उभी:
काही झालं नाही, तर मी कशाला;
काही झालं, तर मी काय करत होतो.

पासवर्ड बदला म्हटलं,
तर खळदकर बाईंनी नवा लिहिला
जुन्याच चिठ्ठीवर, सुवाच्य अक्षरात.

आज ऑडिट. गिऱ्हाइकाची दोनशे बारा कलमं.
पोरगी हुशार, चहासुद्धा नको म्हणाली.
"बॅकअपची दुसरी प्रत? कारखान्याबाहेर?"
आहे.
"कुठे?"

दर शुक्रवारी डब्याच्या पिशवीत घालून
धनकवडीला नेतो मी अख्खी कंपनी.
लोखंडी कपाटात, हिच्या शालूखाली,
डांबरगोळ्यांच्या वासात.
किल्ली दोघांकडेच.

"नियंत्रित प्रवेश," मी म्हणालो.
तिनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि चौकटीत बरोबरची खूण केली,
जरा फिकी.

संध्याकाळी बसमध्ये
पिशवी मांडीवर, अजून कोमट.
शेजारचा सरकून बसत म्हणाला,
"डबा उरला वाटतं."
"हो," म्हटलं,
"घरी नेतोय."