डेड स्टॉक

चार्ज देताना रजिस्टर पुढं ठेवावं लागतं.
पान एकशे सेहेचाळीस.
शिरस्त्राणे, जाळीसह : बावीस नग.
खांद्याची कवचे : बावीस जोड.
चेंडू, लांबट : चार.
अक्षर माझंच.
शेजारी ऑडिटवाल्याची लाल शाई :
चेंडू लांबट का?
खाली माझा खुलासा : खेळच तसा आहे.

आमचं विद्यापीठ म्हणजे फुरसुंगीच्या अलीकडं तीन इमारती,
एक उघडी टाकी,
आणि वारा फिरला की कचरा डेपो.
तिथं गायकैवारी सर आले
नेब्रास्कातल्या कुठल्याशा कॉलेजात डावा गुडघा ठेवून.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
बाबर, शंभर यार्डांवर फक्की मारा.
यार्ड म्हणजे किती, सर?
दोन हात.
मी सुतळी घेतली, हात मोजत निघालो,
एकशे अडुसष्टाव्या हाताला टाकीची भिंत लागली.
म्हणजे सोळा यार्ड कायमची पाण्यात.
सर बराच वेळ टाकीकडं बघत राहिले,
मग म्हणाले, चालेल.

पोरं कुठून आणायची?
रेवण लोणारी मांजरीच्या तालमीतला,
धरायचं माहीत, सोडायचं माहीत नाही.
मोझेस साळवे पहाटे पेपर टाकायचा,
सायकल न थांबवता तिसऱ्या मजल्यावर,
नेमका पायपुसण्यावर.
सरांनी हे एकदा बघितलं
आणि त्याच्या हातात चेंडू दिला.
फार्मसीचा इराणी हूमान फुटबॉल असं वाचून आला,
बूट घालून आला,
चूक कळल्यावरही थांबला.

पहिलं वर्ष समोर कुणीच नव्हतं.
अकरा जण अकरा जणांवर धावून जायचे,
दोन्हीकडं आमचेच,
संध्याकाळी एकाच बादलीत पाय.
दुसऱ्या वर्षी खडकीचा संघ आला. शून्य-बावन्न.
तिसऱ्या वर्षी शून्य-एकतीस.
सर म्हणाले, एकवीसनं सुधारलो.
रेवणनं वहीत लिहून घेतलं,
कुणी हसलं नाही.

चौथ्या वर्षी शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य.
हूमान चार पावलं मागं गेला.
चेंडू उडाला, बोअरच्या दोन पाइपांमधून गेला
आणि डुबुक्कन टाकीत पडला.
तीन-शून्य.
त्या एका दिवशी
आम्ही पुरे शंभर यार्ड खेळलो.

एवढाच इतिहास. पुढचा प्रशासकीय आहे.
नॅकची समिती येणार म्हणून पार्किंग हवं झालं,
माझ्या फक्कीवर पेव्हर ब्लॉक बसले.
सर नगरच्या एका शाळेत खो-खो शिकवतात म्हणे,
उभं राहून, काठीला टेकून.
माळ्यावरच्या कवचांत मांजर दोनदा व्याली.

आज नव्या कारकुनासमोर मोजणी.
कवचे बावीस, केसांसकट.
चेंडू तीन. चौथा टाकीत, हे शेऱ्यात आधीच आहे.
शिरस्त्राणे एकवीस.
परत मोजली. एकवीस.

कुठं गेलं मला ठाऊक आहे.
गेल्या साली हेल्मेटसक्तीचं वारं पुन्हा सुटलं तेव्हा
मुंढव्याच्या चौकात हवालदार एकाला अडवून विचारत होता,
आयएसआय मार्क कुठंय? आणि ही खिडकी कसली?
पार्सलची पिशवी पाठीला, तोंडापुढं जाळी,
आतून आवाज आला, साहेब, याच्यावर रेडे आपटलेत,
तुमच्या मार्कावर कोण आपटलंय?
हवालदाराला हसू आवरेना, पावती राहिली.
सिग्नल सुटता सुटता जाळीआडून त्यानं मला पाहिलं,
आणि डाव सांगावा तशी
दोन बोटं मांडीवर आपटून
मोझेस निघून गेला, टपऱ्यांच्या, टँकरच्या फटीतून,
जिथं जागा नव्हती तिथून.

नवा कारकून विचारतो, काका, एक कमी आहे,
शेऱ्यात काय लिहू? गहाळ? निर्लेखित?

मी पेन मागून घेतो.
लिहितो : वापरात.