खरवस आणि धुवण

हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे,
हातभर रुंद, दिवाळीपासून.
आता संक्रांत होऊन गेली,
तिळाचे लाडू संपले,
पट्टे आहेत.

शेडकार्डावर त्यांची नावं इंग्रजी होती,
पहाटेबिहाटेची, वाळूची.
बोहरी आळीतल्या दुकानदारानं ती न वाचताच
नुसते नंबर लिहून दिले चिठ्ठीवर.
घरी आल्यावर ऋजुतानं बारसं केलं:
डावा खरवस,
उजवा तांदळाचं धुवण.
त्यानंतर त्यांना दुसरं नाव चिकटलं नाही.

नबीलाल म्हणाला, ओला रंग खोटं बोलतो, ताई,
वाळू द्या, मग विचारा.
वाळला.
विचारलं.
सकाळी खरवस अगदी खरवस असायचा.
दुपारी समोरच्या सोसायटीची गुलाबी भिंत
उन्हासकट आमच्या घरात यायची
आणि दोघेही जरा लाजल्यासारखे दिसायचे.
रात्री ट्यूबलाइटखाली
कोण कुठला, ते ऋजुताला विचारावं लागे.

विद्याधर धुवणाच्या बाजूचा.
त्याचं म्हणणं, बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर
आधीच उजेड मोजून मिळतो,
तो भिंतीनं खाऊ नये.
मी खरवसाची.
माझं म्हणणं काही नव्हतं,
मला तो आवडत होता इतकंच,
आणि एवढं कारण आमच्या घरात
पुरत नाही.

पाहुणे आले की आधी पाणी, मग मत.
नणंद म्हणाली, दोन्ही एकच तर आहेत.
पोळ्यांच्या शकूताई हात पुसत आल्या,
म्हणाल्या, कुठला कमी मळेल ते बघा,
आणि गेल्या कणीक मळायला.

आप्पांना कुणी विचारलंच नव्हतं.
बत्तीस वर्षं खडकीला
लष्कराच्या गाड्यांवर त्यांनी एकच हिरवा मारला,
निवडायची वेळ कधी आली नाही.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झालेला,
डाव्याची तारीख मंगळवारची.
एका संध्याकाळी ते खुर्ची ओढून भिंतीसमोर बसले.
एक डोळा तळहातानं झाकला.
मग दुसरा.
मग पुन्हा पहिला,
लहान मुलं खेळतात तसं, पण हसू न आणता.

"जुन्या डोळ्यानं बघितलं तर दोन्ही खरवस," म्हणाले,
"नव्यानं बघितलं तर दोन्ही धुवण.
तुम्ही भांडताय कशावर?"

विद्याधर मोठ्यानं हसला.
मी स्वयंपाकघरात गेले,
एक डोळा झाकून दुधाचं पातेलं बघितलं,
मग दुसरा.
माझं दूध दोन्हीकडून दूधच होतं.
मला आपलं वाटत राहिलं,
आप्पांचं ते सगळं पिवळं,
हळूहळू वर्षानुवर्षं साचलेलं,
मंगळवारी सकाळी दहा मिनिटांत
कुठल्याशा ट्रेमध्ये जाणार.

नबीलालला फोन लावला. डावा, म्हटलं.
विद्याधरला नंतर सांगितलं
आणि तो, कसा कोण जाणे,
बरं म्हणाला.

वास नको, धूळ नको म्हणून
आप्पा ऑपरेशननंतर आठ दिवस शनिवारात,
त्यांच्या बहिणीकडे.
परत आले ते काळा चष्मा लावून.
चपला काढल्या, चष्मा काढला,
भिंतीकडे बघत उभे राहिले,
इतका वेळ, की मला वाटलं
कुठे पोपडा राहिला की काय.

"शेवटी धुवणच लावलंत," ते म्हणाले.
"बरं केलंत. स्वच्छ वाटतंय."

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं.
विद्याधरनं तोंड उघडलं.
मी म्हटलं, पानं घेतलीत,
हात धुऊन घ्या.