पत्रा लागलाय

गोजे बेटावर सकाळी सातला भोंगा होतो.
तेवीस वर्षं मी जहाजं घासतेय.
पोटं, पाठी, सुकाणूमागची अवघड वळणं,
जिथे म्हणून गंज धरतो तिथे
आधी माझं ग्राइंडर, मग रंग.

रंग धरायचा तर पत्रा उघडा हवा.
उघडा म्हणजे सोललेला नव्हे.
एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले
आणि मुकादम बेकच्या
सगळ्या शिव्या.

आज ओक्पोच्या दुकानात
मास्कचे वळ गालावर घेऊन उभी आहे.
भाचीचं लग्न अकरा दिवसांवर.
कपाटात इतक्या ट्यूबा, इतक्या बाटल्या,
की आमचं रंगांचं गोदामही लाजेल.

"त्वचा कशी आहे तुमची?" मुलगी विचारते.
छातीवर नावाची पट्टी : दाउन. वय असेल बावीस.
"पत्रा," मी म्हणते.
ती हसते. मग नीट बघते, आणि हसायची थांबते.

एकेक काढून ठेवते माझ्यापुढे.
जर्दाळूच्या कोयीची भुकटी.
साखरेचे दाणे, मधात.
एक जेल, खोडरबरासारखं चुरा होऊन गळणारं.
शिवाय आम्लं : दुधातलं, उसातलं,
आणि एक कसल्याशा झाडाच्या सालीचं.

"नंबर किती?"
"कसला नंबर?"
"दाण्याचा. ऐंशी, एकशेवीस, चारशे?"
ती ट्यूब उलटीपालटी करते. नंबर कुठेच नाही.
बिननंबरी काचकागद आमच्या यार्डात
नवशिक्यासुद्धा हातात धरत नाही.

कोयीची भुकटी चिमटीत घेऊन
मी मनगटावर फिरवते, डोळे मिटून.
डोळे मिटले की बोटं खरं बोलतात.
कडा मोडलेल्या. कुठे टोक, कुठे धार.
असले ओरखडे दिसत नाहीत,
पण मीठ बरोब्बर तिथेच जाऊन बसतं.

आई थोंग्यंगच्या न्हाणीघरात
बायकांची अंगं घासायची.
हाताला हिरवं खरखरीत फडकं, बाजूला पाण्याची बादली.
"आधी भिजू दे," म्हणायची,
"कोरड्यावर हात टाकते ती भांडायला आलेली असते."
पाठीवरून मळाच्या करड्या वळकट्या निघायच्या
आणि बायका हलक्या होऊन घरी जायच्या.
चेहऱ्याला मात्र ते फडकं तिनं कधी लावलं नाही.
तिथे दोन बोटं. आणि काकडी.
म्हातारपणी सरकारी कचेरीतल्या यंत्राला
तिच्या बोटांचे ठसे सापडेनात.
सगळ्या गावाची कातडी काढता काढता
तिची स्वतःचीच गेली होती.

"हे मी स्वतः वापरते," दाउन म्हणते,
उसाची बाटली पुढे करत.
वाकते, तेव्हा ट्यूबलाइट तिच्या गालावर पडते.
पावडरीखाली गाल ताणलेला, चकचकीत,
नाकपुडीशी लाल.
ही चकाकी मला माहीत आहे.
माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी असाच एक पत्रा चमकवला होता,
बेकनं तो कापून टाकायला लावला.

"रोज लावतेस?"
"दोनदा. सॅम्पलं फुकट मिळतात."
"थांब आता," मी म्हणते. "पत्रा लागलाय."

ती काहीच बोलत नाही.
हात गालाकडे जातो, पोचत नाही.
दारावरची घंटा वाजते, कुणीतरी सनस्क्रीन मागतं,
ती तिकडे वळते,
जाता जाता बाटली मागच्या बाजूला ठेवून देते.

मी दुधाची घेतली. सगळ्यात लहान, पाच टक्क्यांची.
सोबत साधं मलम, वास नसलेलं.
पैसे घेताना तिनं हळूच विचारलं,
"किती दिवस थांबू?"
"खपली आपणहून पडेपर्यंत.
तू काढायची नाहीस."

रात्री खोलीवर, आधी चेहरा भिजवला.
मग चार थेंब. थोडं चुरचुरलं,
नाकाच्या बाजूला जास्त, जिथे मास्कची पट्टी दाबते.
झाकणावर यार्डातल्या मार्करनं लिहून ठेवलं : ४००.
खाली : रविवार. फक्त.

अकरा दिवसांत काही उजळणार नाही.
या चेहऱ्यावर तेवीस वर्षांचा वारा आहे.
पण लग्नाच्या सकाळी भाची ब्रश घेऊन बसवेल समोर,
तेव्हा रंग धरेल.
तेवढं बास.