इंदाक्का, येण्याआधी

सोमवारी येणार म्हणालीस ना,
तर आधी एवढं ऐक.

राजारामपुरीत उतर. बेकरीच्या वरचा मजला.
जिना अरुंद, खारीचा वास वरपर्यंत येतो,
म्हणून उपाशी येऊ नकोस, आणि जेवूनही नको.
मी पहिल्या दिवशी रात्रीचा उरलेला पांढरा रस्सा पिऊन गेलो,
पाय डोक्याकडं नेले
आणि बकरं पोटात उठून उभं राहिलं.

चप्पल दाराबाहेर. करकर वाजणारी घालू नकोस,
आत कुणीतरी निजल्यासारखं पडलेलं असतं
आणि ते निजलेलं नसतं.
मोजे लागतात, तळव्याला रबरी ठिपके असलेले.
अडीचशे रुपये. मी म्हणालो, मोज्याला?
शेवटी घेतले.
साडी नको. सुनेची ढगळ पँट आण, नाडी दोनदा बांध.

शिकवणारी शर्वरी मगदूम. पुण्यात शिकून आली,
पण आपण बायका ‘आलो, गेलो’ म्हणतो त्याला हसत नाही.
तिची आईही तसंच बोलते.

मशीन बघून भिऊ नकोस.
खाटेसारखं आहे, खाली स्प्रिंगा, वर पट्टे.
मला आपल्या हुपरीचं तार ओढायचं यंत्र आठवलं,
इकडून जाड चांदी जाते, तिकडून बारीक निघते.
आपण तशा निघत नाही. तीन महिने झाले, सांगतो.
आणि स्प्रिंग कमी म्हणजे काम सोपं, असं नाही.
हलक्या स्प्रिंगेवरच अंग जास्त थरथरतं,
धरायला काही नसतं ना.

एक म्हातारे वस्ताद येतात, कान मोडलेले,
मांड्यांत पोराचा चेंडू धरून लटलट कापतात.
कुणी त्यांच्याकडं बघत नाही.
हा नियम भिंतीवर लिहिलेला नाही.

श्वास नाकानं घे, तोंडानं सोड.
अक्का, घुंगरं झाळताना आपण तीस वर्षं श्वास धरला,
ज्योत हलू नये म्हणून.
शर्वरी म्हणते, सोडा.
मी म्हणालो, काय सोडू?

आता फॉर्मचं.
मणका, गुडघा, बीपी, ऑपरेशन, सगळं विचारतात.
मी सगळीकडं ‘नाही’ लिहिलं,
दारात आलेल्या सरकारी माणसाला सांगावं तसं.
तू तसं करू नकोस.
पालथं पडून हात मागं ओढले
तेव्हा पोटातली जुनी शिवण ताणली.
तिनं विचारलं, काकू, सिझर किती?
म्हणालो, दोन.
स्प्रिंग काढून ती खाली बसली, घाई केली नाही.
मग म्हणालो, तीन.
तिनं पेन घेतलं, फॉर्मवर तीन लिहिलं,
पुढं काही विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी दवाखान्यात तू होतीस.
दुपट्याची पिशवी तूच परत आणलीस.
तुझ्याशिवाय तो आकडा
आजवर कुठंच नव्हता.

शेवटी शवासन. नाव वाईट आहे,
पण नुसतं उताणं पडायचं असतं.
डोळ्यांतलं पाणी तेव्हा गालावर येत नाही, कानात जातं.
रुमाल आण.

आणि हो, मोबाईल बंद. दहा मिनिटं आधी ये.
सहाच मशीनं आहेत, मी तुझं नाव सांगून ठेवलंय.
पहिला तास फुकट.
तुझ्या फॉर्मवर गुडघा तरी लिही.
बाकी काय लिहायचं ते तू ठरव,
मी शेजारच्या मशीनवर असेन, बघणार नाही.

उतरताना पावशेर खारी घेऊ.
शर्वरीपण घेते,
मी पाहिलंय.