पुसण्याआधी

आमचा रंग राखाडी.
महापालिकेच्या यादीत त्याला आकडा आहे, नाव नाही.
मी बादली ढवळतो, झुल्मिरा रोलर फिरवते,
साओ पाउलोत, पहाटे चार ते अकरा,
त्या उंच रस्त्याखाली
ज्याला सगळं शहर गांडूळ म्हणतं
आणि ज्याचे खांब रोज रात्री कुणीतरी लिहून काढतं.

चित्र असेल तर विचारून पुसायचं, असा नियम आहे.
मागे एका पोपटासाठी तीन सह्या लागल्या.
अक्षरांसाठी कुणाची सही लागत नाही.
ती काळी, हडकुळी, माणसाहून उंच अक्षरं,
एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या पोरांनी काढलेली,
गच्चीवरून उलटं लोंबकळून काढलेली.
त्यांना आम्ही दोघं पुरतो.

झुल्मिरा पियाउईची. तिकडे ऊन होतं, शाळा नव्हती.
त्रेपन्नाव्या वर्षी चर्चमागच्या खोलीत
रात्रीच्या वर्गाला जायला लागली.
आधी बसची पाटी सुटली,
मग साबणाचा पुडा,
मग विजेचं बिल, आणि ते वाचून तिने दिलेली शिवी
वर्गात शिकवलेली नव्हती.

एका पहाटे रोलर खाली ठेवून
ती खांबासमोर उभी राहिली, ओठ हलवत.
मी दोनदा रंग ढवळला. वर साय धरत होती.
"जेनेझियो," ती म्हणाली, "मला येत नाहीये."
इतक्या हळू म्हणाली,
जणू बाईंनी वही परत केली.

औषधाच्या दुकानातल्या मुलीला विचारलं.
कुत्रा फिरवायला निघालेल्या
अकराव्या मजल्यावरच्या वकीलबाईंना विचारलं.
त्यांनी चष्मा चढवला, काढला, पुसला.
"हे कुणाला वाचता येतंय? घाण आहे नुसती."
झुल्मिरा हसायला लागली.
एवढी हसली की कुत्रा भुंकायला लागला.
इतकी वर्षं तिला वाटत होतं
सगळं शहर वाचतंय, आपण सोडून.

वाचणारा भेटला तो सप्टेंबरात.
वांदेर्लेई. नखांत काळा रंग, हातात पाव,
आम्हाला बघून पळायच्या बेतात.
तिने त्याला तिथंच धरलं, दंडाला नाही, प्रश्नाने.
मग त्याने बोट फिरवून दाखवलं:
हा ए, पाय फाकवून उभा.
हा आर, याचं पोट कापलंय.
हे आमच्या टोळीचं नाव.
आणि हे कोपऱ्यातलं बारीक, हा निल्टिन्यो.
"कोण निल्टिन्यो?"
पोराने वर पाहिलं.
नवव्या मजल्यावर पन्हळ तुटलेली होती,
अजून तशीच आहे.

"मग हे पुसू की नको?"
"पुसा की," तो म्हणाला, पाव चावत,
"रात्री लिहायला जागा नको?"

तेव्हापासून ती पुसण्याआधी वाचते.
मोठ्याने. एकेक खांब.
निल्टिन्यो आला की रोलर जरा थांबतो,
मग फिरतो, कडेपर्यंत, एकही पट्टा न सोडता.
कामात ती कधी चुकली नाही.
मुकादम ओरडतो, दिवसाला चाळीस व्हायचे,
आता एकतीस होतात, रंग पातळ आलाय का?
मी म्हणतो, हो साहेब, पातळच आलाय.

परवा ओल्या रंगात तिने बोटाने
स्वतःचं पहिलं अक्षर काढलं.
"वाच."
मी म्हणालो, रोलर दे.
एकोणीस वर्षं अंगठ्यावर पगार घेतोय मी,
हे तिला माहीत आहे,
मला माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.
रोलर तिने पाठीमागे धरला.
सात वाजले, वरच्या रस्त्यावर गाड्या सोडल्या,
खांब थरथरायला लागला,
रंग सुकत चालला.

"पाच," मी म्हणालो.
आकडे मला येतात.

तिने अक्षराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मान तिरकी करून परत अक्षराकडे.
"अगं बाई," म्हणाली, "उलटं काढलं की मी."